इंजिनाच्या पुढचा माणूस

बेलापूरकडे गिदोन साळवेला सगळे ‘डायव्हर’ म्हणतात. उसाच्या मळ्यांतून साखर कारखान्यापर्यंत दोन फुटी रुळांची आगगाडी होती, तिचं वाफेचं इंजिन म्हणे हा चालवायचा. म्हणे! मी त्याच कारखान्यात कारकून होतो आणि गिदोनची हजेरी रोज माझ्याच हातून लागायची. हुद्दा, रेतीवाला. रुळांवर उसाचा रस नि पाचट पडलं की चाकं जागच्या जागी फिरायची. तेव्हा इंजिनाच्या पुढच्या फळीवर बसून रुळांवर मूठमूठ वाळू सोडायची, एवढंच त्याचं काम. पण फिलोमिनावहिनींच्या वडिलांना जावई ड्रायव्हरच हवा होता, म्हणून यानं बेधडक थाप मारली. ती थाप पन्नास वर्षं टिकली. “सुहासराव, तुमाला देवाची आन हाय,” एवढ्यावर मीही तोंड शिवून बसलो.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलानं, पॉलनं, दार्जिलिंगची तिकिटं काढली. बाबांच्या इंजिनासारखं इंजिन तिथं अजून डोंगर चढतं म्हणे. सोबतीला मी, रिकामटेकडा. “तितं तुमच्या वहिनीसमोर कुनी काय इचारलं तर?” हे गिदोननं मला वाटेत तीनदा विचारलं. मला रागच आला. इतकी वर्षं मिरवलंस ना, मग आता कशाला घाम फुटतोय?

स्टेशनात ते निळं इंजिन पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तसंच बुटकं, तसेच दोन फुटी रूळ. एवढंसं इंजिन हा डोंगर चढणार? चढलं की! दुकानांच्या पायऱ्यांना घासत, धापा टाकत, घरांच्या खिडक्यांत वाफ सोडत चढलं. एका वळणावर मी खाली पाहिलं तर दरीत ढग.

“आपल्या कळसूबाईच्याबी वर आलो का वो?” वहिनींनी विचारलं.

“केव्हाच,” मी म्हणालो.

मग धुकं फाटलं. इतका वेळ समोर आभाळात ज्याला मी ढग समजत होतो, तो बर्फाचा डोंगर निघाला. वहिनींनी छातीवर क्रुसाची खूण केली. गिदोन डोंगराकडे बघतच नव्हता. डोळे मिटून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“आपलं इंजिनबी एवढं वर आलं असतं, सुहासराव. आपुन त्याला नुसता ऊस वढाया लावला.”

पुढे एका गोल वळणावर गाडी थांबली. वहिनी तडक ड्रायव्हरपाशी. “भैया, ये भी डायव्हर था!” तो नेपाळी माणूस हरखलाच. त्यानं गिदोनला हात जोडले, केबिनचं दार दाखवलं आणि म्हणाला, आइए, आप ही चलाइए.

वहिनींनी फोटोसाठी मोबाईल उगारला. गिदोननं एक पाय पायरीवर ठेवला. मेला आता, मी मनात म्हटलं.

त्यानं पाय खाली घेतला आणि तो इंजिनाच्या पुढे चालत गेला. तिथं फळीवर दोन माणसं वाळूचा डबा घेऊन बसली होती. रूळ धुक्यानं ओले, वाळूशिवाय चाक धरत नव्हतं. एवढा डोंगर चढणारं इंजिन, तेसुद्धा कुणाच्या तरी मुठीवर! मी बघतच राहिलो. गिदोन त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं डब्यात हात घातला.

“फिलोमिना, म्या डायव्हर न्हवतो. म्या हितं बसायचो. तुज्या बापाशी खोटं बोललो.”

मी दुसरीकडे बघू लागलो.

“मला ठावं हाय,” वहिनी म्हणाल्या. “तुमचे कपडे कोन धूत हुतं? लग्नाच्या पयल्याच आठवड्यात खिशातनं वाळू निघाली.”

“मंग एवढी वर्सं डायव्हर, डायव्हर का सांगत फिरलीस?”

“तुमाला आवडायचं म्हनून.” त्यांनी मोबाईल पुन्हा वर धरला. “आता हलू नका. ह्योच फोटू पॉलला धाडते.”