ज्या बुधवारी मी जीप नेली नाही

सत्तरच्या दशकातला एक बुधवार. नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं आरोग्य केंद्र होतं आणि मी तिथली नवीकोरी नर्स. दर बुधवारी सरकारी जीपमध्ये बसून एका पाड्यावर लहान मुलांना लस टोचायला जायचे... काय तो रुबाब!

पण पाड्यावर पोचलं की चिटपाखरू नसायचं. चुली पेटलेल्या, अंगणात कोंबड्या आणि माणसं गायब. ते आणीबाणीचं वर्ष, जीपमध्ये घालून नेऊन नसबंदी करतात याची इतकी धास्ती होती की जीपचा आवाज आला की अख्खा पाडा पोराबाळांसकट डोंगरात पळायचा.

तीन बुधवार लस तशीच परत आणली. तिकडे पाड्यात डांग्या खोकला शिरला होता, एक पोर खोकून खोकून काळंनिळं पडतंय असं कानावर आलं.

चौथ्या बुधवारी शिपायाची सायकल मागितली. दांड्याची सायकल आणि अंगावर साडी... लहानपणी पंचवटीत भाड्याच्या सायकलवर शिकले होते, तेवढंच भांडवल. साडीचा काचा मारला, बर्फात ठेवलेल्या लसीचा थर्मास गळ्यात अडकवला आणि निघाले. वाटेत एकदा सपशेल आपटले. कोपर सोललं, पण थर्मास वाचला.

पाड्यात शिरले तर एक बाई दारात नागली पाखडत होती. मला बघून उठली... म्हटलं, पळाली ही पण. तिने माझ्या मागचा रस्ता निरखून पाहिला.

"जीप नाय आणली?"

"नाही हो, सायकलवर आले. पोरांची लस आहे, दुसरं काही नाही."

माझ्या कोपराकडे बघून ती चक्क हसली. आधी पाणी दिलं, मग आत जाऊन पाच महिन्यांची लेक आणून माझ्या मांडीवर ठेवली. "टोचा बाई. शेजारचं पोर लय खोकतंय, हिला नाय व्हायला पायजे."

तिच्याच चुलीवर सुया उकळल्या. लेकीने भोकाड पसरलं आणि एकेका दारातून बाया पोरं घेऊन येऊ लागल्या... दुपारपर्यंत लस संपली! परतताना मी एकटीच मोठमोठ्याने गात सायकल हाणत होते.

पुढे केंद्रातल्या साहेबांनी पुन्हा जीप देऊ केली, मी नको म्हटलं. बदली होईपर्यंत दर बुधवारी सायकलनेच गेले. शेवटचा चढ फार अवघड होता... पण तिथे पोचेपर्यंत पाड्यातल्या दोघीतिघी धावत खाली आलेल्या असायच्या, माझी सायकल मागून ढकलायला.