पहाडफोड्याला टाकी पाडायला किती जोर लागंल?

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी पाण्याच्या टाकीपाशी थांबली. पप्पांनी ग्रीसच्या हातानं माझी बॅग वर दिली. त्यांचं पंक्चरचं दुकान त्या टाकीखालीच. दुकान म्हणजे काय, एक पेटी, हवेचा पंप आणि टाकीची सावली. रडू यायलं म्हणून मी कंडक्टरचा आवाज काढला, "चला पालम, पालम, पटापटा!" दोन बायका खरंच पळत येऊन चढल्या. पप्पा खालून म्हणले, "तिकडं जाऊन तरी मानसासारखं बोल."

पप्पा, तेवढं सोडून सगळं जमलं. पुण्यात मी माणसासारखं बोलत न्हाई, त्याच्यावरच पोट भरतंय.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बॅग घेऊन निघालेल्यांनो, माझं काम सांगितलं तर हसताल. एका छोट्या ऑफिसात आमी लेकरांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ बनवतो. वीजवीर आमचा हिरो, पहाडफोड्या व्हिलन. दोघांचे आवाज माझे, मधी ओरडणारी म्हातारी बी मीच. त्यांच्या अंगात खरंच किती ताकद पाहिजे, ते आमी फिजिक्सनं काढतो. साठ किलोचा वीजवीर तीस मीटर उंच उडतो, तर साठ गुणिले दहा गुणिले तीस, अठरा हजार ज्यूल. म्हणजे ज्वारीचं क्विंटलभर पोतं एका झटक्यात अठरा मीटर वर फेकल्यासारखं. गावात असताना ताकद म्हणजे कोण किती पोती उचलतो एवढंच होतं. हितं तिला युनिट हाय, आणि शुक्रवारी डेडलाइन.

ह्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या मॅडमनं स्क्रिप्ट दिली, पहाडफोड्या एका बुक्कीत गावची टाकी पाडतो. मी म्हणलं, टाकी कशाला शोधायची, आपल्या घरची हाय की. पन्नास हजार लिटर म्हणजे पन्नास टन पाणी. काँक्रीट तेवढंच धरलं. शंभर टन, सहा खांब. एकेका खांबावर उसानं भरलेला ट्रक उभा, असं समजा.

चित्रासाठी आईकडून फोटो मागवला. पप्पा पेटीवर बसलेले, मागं खांब. खांबाचं काँक्रीट कमरेच्या उंचीला निघून गेलेलं, आतल्या सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. आणि त्या सळयांवर पप्पांनी ट्यूबा टांगलेल्या. लहानपणापासून ती आमची खुंटी. पहिली सळई आपोआप उघडी पडली होती. बाकीच्या दोन सातवीत असताना मी पान्यानं ठोकून ठोकून मोकळ्या केल्या, राक्षसाच्या आवाजात "टाकी पाडतोऽऽ" ओरडत. पप्पांनी पाठ थोपटली होती. दोन ट्यूबांची सोय झाली म्हणून.

मी फोटो स्क्रीनवर मोठा केला.

पप्पांच्या हाताच्या मापावरून खांबाची जाडी काढली. निम्माच राहिलेला. परत गणित मांडलं, वर शंभर टन आणि बाजूनं बुक्की. उत्तर बघून मॅडम म्हणाल्या, "अरे, हा व्हिलन फारच अशक्त वाटतोय. एखादं शून्य वाढव ना." मी म्हणलं, "मॅडम, व्हिलन लागतच न्हाई." टाकी भरलेली असताना ट्रॅक्टरची ट्रॉली मागं येऊन टेकली तरी काम होईल. आणि पंक्चरसाठी ट्रॉल्या मागं घ्यायची गावातली एकच जागा, पप्पांचं दुकान.

मी इंजिनियर न्हाई. माझं गणित चुकलं असंल. चुकलेलंच असावं. पण तीनदा करून बघितलं.

लगेच फोन लावला. "पप्पा, टाकी पडंल. दुकान हलवा."

"आज कोनाचा आवाज हाय?"

"माझाच हाय. खरंच बोलायलोय."

"हां. मागच्या वेळंला बी खरंच बोलायलतास."

मागच्या वेळंला मी फोनवर तालुक्याचा इंजिनियर झालतो. "अतिक्रमण हटवा" म्हणून असा दम दिला की पप्पा पेटी, पंप, सगळं उचलून दिवसभर उन्हात बसले. संध्याकाळी मी हसत हसत सांगितलं. ते हसले न्हाईत, मला आता आठवतंय.

"लेकरा," ते म्हणले, "मी हालीन बी. सावली हालती का?"

मग ग्रामपंचायतीला अर्ज पाठवला, गणितासकट. त्यांनी काम केलं बरं का. बोर्ड लावला, "टाकीखाली बसू नये." कुठं लावला? त्याच खांबाला, ड्रिलनं चार भोकं पाडून. टाकी रिकामी ठेवा म्हणलं तर गावाला पाणी सोडणारा पंपावरचा मामा म्हणाला, "बाया घागरी घेऊन माझ्या दारात बसल्या तर तू येतो का पुन्याहून?" त्याचं बी बरोबर हाय. गावाला दुसरं पाणी न्हाई.

टाकी सकाळी आठला भरत येती, नऊला गावात पाणी सुटतं. सगळ्यात जड ती तासभर असती. टाकीखाली फोनला रेंज येत न्हाई, शाळेच्या कंपाउंडपाशी येती. हे कळल्यापासून मी रोज आठला फोन करतो आणि आई पप्पांना तिकडं पिटाळती. मी सरपंच होतो, पुण्याचा रिक्षावाला होतो, मॅडम होतो, नवरा-बायकोचं भांडण एकटा भांडतो. पप्पा हसतात, खोकतात, परत हसतात. ते हसतात तोवर ते टाकीखाली न्हाईत.

इथं लोक विचारतात, घर कुठं हाय तुझं? मी परभणी जिल्हा सांगतो. खरं तर आठ ते नऊ एवढंच घर उरलंय, ते बी पप्पांच्या कानात.

आज माझे आवाज साडेआठलाच संपले. मी काहीतरी जुनंच लांबवायलतो. पप्पा म्हणले, "बास आता, ट्रॅक्टरवाला उभा हाय, हाका मारायलाय." मी "थांबा, थांबा पप्पा" म्हणलं, माझ्याच आवाजात. ते चालायला लागले. चपलांचा आवाज आला, लांबून कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या मागं" म्हणत होतं. आणि रेंज गेली.