विसावं नाव

आमच्या मसुऱ्याजवळच्या गावात ज्युनिअर कॉलेज आहे, विज्ञान शाखा आहे, पण गणित नव्हतं. गणिताचे सर निवृत्त झाले आणि संस्थेने दुसरे नेमलेच नाहीत. माझ्या मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं. तिला कणकवलीला ठेवणं आम्हाला झेपणारं नव्हतं आणि सकाळची एसटी कॉलेजच्या वेळेत पोचत नव्हती. म्हणजे गणित गावातच आणायला हवं होतं.

भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहते. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात, बालवाडीपासून पहिली. माझी दुसरी. दर वर्षी बक्षीस समारंभात मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. जावेने लेकीसाठी कणकवलीच्या हॉस्टेलात जागा ठरवली, तेव्हा मी तोंड भरून अभिनंदन केलं. मनात म्हटलं, जा बाई एकदाची. आता माझी पहिली येईल.

संस्थेचे पदाधिकारी सगळे मुंबईकर. मे महिन्यात आंबे खायला गावी येतात, तेव्हाच गाठायचे. मी घरोघरी फिरून पालक जमवले आणि अध्यक्षांच्या घरापुढच्या खळ्यात नेऊन बसवले. त्यांनी फोडींची ताटली पुढे सरकवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"वीस मुलं द्या, मी शिक्षक देतो," ते म्हणाले.

आम्ही नावं मोजली. एकोणीस. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या भिंतीपलीकडे एक आसा मा?" एक बाप म्हणाला. "इचारा मगे."

मी विचारलं नाही. आधी दुसरं कुणी मिळतं का ते पाहिलं. वाडीतल्या एका मुलाच्या आईला गाठलं, तर ती हसतच सुटली. "आमच्या झिलाक गणित? दहावी पास झालो तीच देवीची कृपा!"

शेवटी जावेकडे गेले. ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"वयनी, चेडवाक हयच ठेवा. एक नाव कमी पडता."

तिचे हात थांबले नाहीत. "हॉस्टेलाचा सांगलंय तेव्हा तुझा तोंड कसा फुलला होता! माका काय दिसाक नाय?"

मी खाली बसून सोलं पसरू लागले. नाही म्हणून उपयोग नव्हता.

"लिव नाव," ती म्हणाली. "चेडूच रडता, हॉस्टेल नको म्हणान."

जूनमध्ये गणिताचा वर्ग सुरू झाला. पहिल्या चाचणीत तिची पहिली, माझी दुसरी.

आता दोघी संध्याकाळी आमच्या पडवीत गणितं सोडवतात, कारण पंखा आमच्याकडे आहे. माझी अडली की तिची समजावते, आणि माझीला समजतं. मला हवं होतं ते मिळालं, हे मी रोज स्वतःला सांगते. परवा घावने केले. दोघींना सारखेच दिले. नारळाचा रस ओतताना मात्र माझा हात लेकीच्या ताटावर जरा जास्त रेंगाळला.

जाऊ दारातच उभी होती.

"ओत गो, तिकाच ओत," ती म्हणाली. "पुढच्या चाचणीक कामी येतलो."

मी ओतला.