चर्चमागच्या दगडाचा नवस

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या स्वयंपाकघरात चहा घेऊन मी फोनसमोर बसले होते. लेक सुट्टीला वेल्समध्ये गेली होती आणि माझं एक काम तिच्या गळ्यात घातलं होतं: राहिलेला नवस फेडायचा.

लग्नानंतर आम्ही तिथल्या एका समुद्रकाठच्या खेड्यात राहायचो. यांची नोकरी जवळच्या हॉस्पिटलात. गावात गोल कुंपणभिंतीतलं बुटकं चर्च, वाकलेली थडगी, किनाऱ्यावर पडीक चुन्याची भट्टी, आणि वारा. बाकी सगळ्या गाई. चर्चमागच्या शेतात एकच उंच दगड उभा होता, कमरेपाशी अगदी गुळगुळीत. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांचे हात फिरल्याशिवाय दगड असा होतो का? मी पडले एम.ए. झालेली बाई, मला सगळंच कळायचं. मुकाट्यानं रोज हळदकुंकू वाहू लागले. मूल होऊ दे, नारळ देईन, असं बोलून बसले. वर्षाच्या आत ही झाली. तेव्हा तिथे नारळ मिळेना, मग अमेरिकेचं निघालं, आणि राहिलंच. पुढे हिला साधा ताप आला तरी माझ्या डोळ्यांपुढे तो न दिलेला नारळ यायचा.

फोनवर शेत दिसलं. दगड तसाच. मी हात जोडले. लेकीशेजारी शेतमालकीण उभी होती, माझ्याच वयाची, काठीवर रेलून हसत.

"आई, टेन्शन घेऊ नकोस," लेक म्हणाली, "पण हा दगड यांच्या सासऱ्यांनी ट्रॅक्टरनं आणून रोवलाय. गाईंना अंग खाजवायला."

कप तोंडाशीच राहिला.

पुढचं ऐकून तर मी खुर्चीचा हात धरला. त्या वर्षी त्यांच्या गाईंची अंगं लाल व्हायला लागली होती. घरात घबराट. गुरांचा डॉक्टर खेपा घालून थकला, रोग काही सापडेना. आम्ही गाव सोडलं आणि गाई आपोआप बऱ्या झाल्या.

म्हणजे माझं कुंकू. गोमातेच्या ढुंगणाला.

"मग नारळ न फोडताच परत आणू?" लेकीनं विचारलं. ती हसत नव्हती, बरं का.

मी कप खाली ठेवला.

"नवस बोलले ना मी? आणि तू झालीस ना? फोड."

तिनं फोडला. पाणी दगडावरून ओघळलं. एक गाय आली, तिनं ते चाटलं, आणि वळून निवांत पाठ घासू लागली. मी पुन्हा हात जोडले. कुणाला, ते विचारू नका.