विमानाच्या मागून

पालीचे सखारामकाका होते, म्हणून मी आज आहे. आखातातल्या या विमानतळावर जळक्या रॉकेलसारखा वास आला, की अजून माझा हात आधी टोपीवर जातो.

नववीत शाळा सोडलेला मी माणगावकडचा, विमानात सामान चढवायच्या कामावर अगदी नवा होतो. सगळीकडे विमानांचा गोंगाट होता, आणि मला उभ्या विमानाच्या पलीकडे जायचं होतं. बैलाच्या पुढून जाऊ नये, शिंग मारतो, हे घरचं शिक्षण. म्हणून मी शेपटीमागून निघालो. तोच माझ्याबरोबर कामाला असलेल्या काकांनी कॉलर धरून मला मागे खेचलं. तापलेल्या वाऱ्याचा झोत नाकासमोरून गेला आणि टोपी पाखरासारखी उडून पार कुंपणापलीकडे पडली.

"आरं, पोटाखालचा लाल दिवा लुकलुकतोय, दिसत न्हाय? इंजिन चालू हाय! ह्यो बैल मागून मारतो!"

मग आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो. एवढं मोकळं मी परदेशात पहिल्यांदाच हसलो.

काका आता गावी शेती करतात. काका, एका भातलावणीला सुटी काढून नक्की येईन. नांगर माझ्याकडे द्या. तुमच्या बैलांच्या मागून मी बिनधास्त चालेन.