मावशींची रविवारची रजा

ऐक्य मंडळाच्या इमारतीत कुणालाही काहीही हवं असलं की एकच हाक जायची, "मावशी!" फादर असोत, पाळकसाहेब असोत, नाहीतर दुपारच्या मंडळींचे ब्रदर असोत. तिन्ही पंथांचं एकमत झालेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली पहिली म्हणजे मावशी. दुसरी म्हणजे बैठकीचा चहा गोड असावा, ही.

मंडळ निघालं त्याचं कारण तसं फार आध्यात्मिक नव्हतं. एका पंथाची इमारत रस्तारुंदीत गेली होती, दुसऱ्याचं छप्पर बसलं होतं आणि तिसऱ्याला मुळात इमारतच नव्हती. ते शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून जमत. तेव्हा चार समजूतदार माणसांनी एकत्र बसून ठरवलं की एकाच प्रभूची माणसं निदान एका छपराखाली तरी येऊ द्यात, पुढचं पुढे बघू. छपराखाली सगळे आले, पण वेळा ठरवून. सकाळी फादरांची मिस्सा, मग पाळकसाहेबांची उपासना आणि दुपारी ब्रदरांची सभा. आणि प्रत्येकाला आत पाऊल टाकताना इमारत अशी दिसायला हवी, की बाकीचे दोघं जणू अजून जन्मालाच आलेले नाहीत.

ही जादू करायचं काम मावशींचं. मिस्सा संपली की मेणबत्त्या विझवायच्या, गुडघे टेकायच्या फळ्या गोळा करायच्या आणि मरियेचा पुतळा कवेत धरून, जमिनीवरून इंचाइंचानं सरकवत, मागच्या खोलीत न्यायचा. मग साधं लाकडी मेज मधोमध, वर पांढरं कापड, इवल्या इवल्या काचेच्या पेल्यांचे ट्रे. ती उपासना उठली की मेज कोपऱ्यात, आणि ड्रम, माइक, वायरींचं भेंडोळं बाहेर. ब्रदरांकडे कुणाचा बाप्तिस्मा असला तर त्यात आणखी भर. समोरच्या फळ्या उचलून खालचा हौद भरून ठेवायचा. या सगळ्याला मधे वेळ किती, तर एका गटाचे लोक एकमेकांशी हात मिळवत दारापर्यंत पोचतील तेवढा.

मावशींच्या आधीचा माणूस तिघांपैकीच एका मंडळीतला होता. बाकीच्या दोघांची तक्रार होती की त्याच्या मंडळींच्या वेळी पंखे फिरतात आणि आपल्या वेळी बिघडतात. पंखे खरंच बिघडायचे की नाही देव जाणे, पण मंडळात त्यावरून वर्षभर धुसफूस चालली. शेवटी ठराव झाला की यापुढे देखरेखीचा माणूस तिघांपैकी कुणाचाच नको.

मावशी तशा होत्या. त्यांचा पंथ चौथा, लहानसा, दूरच्या खेड्यातला. नवरा नुकताच गेलेला आणि कडेवर दीड वर्षाची पोर. मंडळाचे चिटणीस निवृत्त हेडक्लार्क होते आणि साधं बोलतानाही मजकूर सांगितल्यासारखं बोलत. त्यांनी पगार सांगितला, मागच्या दोन खोल्या दाखवल्या आणि मग अट सांगितली. उपासना चालू असताना कुणाच्याही बाकावर बसायचं नाही, कुणाच्याही मेजापाशी जायचं नाही. "तुम्ही तिघांच्याही," ते म्हणाले होते, "म्हणजेच कुणाच्याच नाही." मावशींनी मान डोलावली. कडेवरचं ओझं उतरवायला दोन खोल्या मिळत असतील, तर याहून कडक अटीलाही त्यांनी मान डोलावली असती.

अट पाळली म्हणजे किती पाळली! वीसेक वर्षं दर रविवारी मागच्या खोलीचं दार किलकिलं ठेवून स्टुलावर बसायचं आणि तिन्ही उपासना ऐकायच्या. तिन्हींची गाणी तोंडपाठ. पोरीला मात्र अट नव्हती. ती तिन्हींकडच्या रविवारच्या शाळेत जायची आणि एकच वचन पाठ करून तीन ठिकाणची बक्षिसं घेऊन यायची. तिघंही तिचं कौतुक करायचे, आणि ती उरलेल्या दोघांकडेही जाते याकडे तिघंही खुशाल कानाडोळा करायचे. मोठी झाली, लग्न करून परगावी गेली, तिथे नवऱ्याच्या मंडळीत रमली.

मावशींची अडचण होती ती भाकरीची आणि प्याल्याची. प्रभूनं अखेरच्या जेवणाला शिष्यांत वाटली ती भाकर. ती मिळून खायची म्हणजे आपण या घरचे. हे तिन्ही पंथ मान्य करतात आणि नेमके तिथेच वेगळे होतात. एकत्र गातील, एकत्र रक्तदान करतील, पूर आला तर एकत्र धान्य वाटतील, पण त्या एका मेजाशी ज्याचा तो. मावशी सुरुवातीला वर्षातून एकदा गावी जाऊन आपल्या पंथाच्या देवळात भाकर घेऊन यायच्या. पुढे गावातली माणसं पोटापाण्यासाठी पांगली आणि देवळाला कुलूप लागलं. त्यानंतर त्यांना भाकर मिळाली नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण फादरांना वाटे त्या पाळकसाहेबांकडे घेत असतील, पाळकसाहेबांना वाटे ब्रदरांकडे, आणि ब्रदर असल्या चौकशा करत नसत.

पाळकसाहेबांच्या उपासनेनंतर पेले धुवायला मागे येत आणि त्याबरोबर उरलेल्या पावाचे तुकडे. ते पाखरांना घालायचे अशी पद्धत होती. दर वेळी तो पाव मावशींच्या तळहातावर यायचा. तोंडात टाकला असता तर कोण बघणार होतं? पण बेसिनपाशी उभं राहून, ओल्या हातानं, चोरासारखी खायची वस्तू नव्हे ती. आपल्याला ती कुणीतरी द्यायला हवी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग खिडकी उघडून त्या तुकडे बाहेर टाकायच्या. पाखरांचा पंथ कोणता, हे मात्र मंडळात कधी कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी पुतळा सरकवताना मावशींना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, ऑपरेशनला पर्याय नाही. तारीखही दिली, पुढच्या आठवड्यातला गुरुवार. यातून उठेन ना, असं मावशींनी विचारलं तेव्हा डॉक्टर "बहुतेक" म्हणाले. खरं बोलणारा माणूस, पण त्या "बहुतेक"नं मावशींची झोप उडवली. त्या घाबरल्या होत्या. आणि घाबरलेल्या असताना त्यांना एकच गोष्ट हवी होती, ऑपरेशनच्या आधी एकदा भाकर.

आधी फादरांकडे गेल्या. फादर गोल, प्रेमळ, गोड खाणारे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. आपल्या वेदीवरची भाकर आपल्या पंथाबाहेरच्या माणसाला द्यायची नाही, हा नियम वरून आलेला, त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी मावशींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि संध्याकाळी फळांची टोपली पाठवली.

पाळकसाहेब तरुण, उंच आणि फार सज्जन. त्यांच्याकडे बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही मेज खुलं होतं. पण ऐक्य मंडळाच्या करारात एक कलम होतं की एकमेकांची माणसं ओढायची नाहीत, आणि मावशी तर तिघांच्या सामाईक. आपण त्यांना बाकावर बसवलं तर फादरांना काय वाटेल, ब्रदरांना काय वाटेल? इतक्या वर्षांनी जुळत आलेलं एवढ्यावरून फिसकटायला नको. ते म्हणाले, मी विषय शुक्रवारच्या बैठकीत मांडतो.

ब्रदर तर आनंदानं उठूनच उभे राहिले. आत्ता, या क्षणी देतो म्हणाले. फक्त मावशींचा बाप्तिस्मा तान्ह्या वयात डोक्यावर पाणी शिंपडून झालेला, तो त्यांच्या हिशेबी धरत नाहीत, तेवढा एकदा हौदात उतरून व्हायला हवा. लेकीनं फोनवर हे ऐकलं आणि ती उखडली. "आई, डॉक्टर तुला जिना चढू देत नाहीत आणि हे तुला गार पाण्यात बुडवणार?"

शुक्रवारी बैठक भरली. पाळकसाहेबांनी नाव न घेता "एका भगिनीचा प्रश्न" मांडला, आणि ती भगिनी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होती. मग जी चर्चा झाली तिच्यात कुणाचा आवाज चढला नाही. सगळा घोटाळा त्या सौजन्यानंच केला. फादर म्हणाले, पाळकसाहेबांनी दिली तर माझी हरकत नाही, पण मी तसं सुचवणं बरं दिसणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, फादरांनी मोकळेपणानं सुचवल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. ब्रदर म्हणाले, वडीलधाऱ्यांनी ठरवावं. शेवटी चिटणिसांनी तोडगा काढला की तिघांची उपसमिती नेमावी आणि तिनं पुढच्या बैठकीत अहवाल द्यावा.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे."

कुणी कपातून वर पाहिलं नाही. चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करू, मावशी." आणि ते करणारही होते, अगदी मनापासून. त्यांच्यातला एकही माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मावशींना भांडताही येईना.

कप विसळताना मात्र त्या रागावल्या. वीसेक वर्षांचा राग एकदम आला, आणि आल्या आल्या त्यानं डोकं शांत केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चिटणिसांच्या दारात उभ्या राहिल्या आणि रविवारची रजा मागितली. आजवर त्यांनी रविवारी कधी रजा घेतली नव्हती. चिटणिसांना कालच्याची टोचणी होतीच, ते लगेच हो म्हणाले, आराम करा म्हणाले.

"रजेवरचा माणूस कामावर नसतो ना, साहेब?" मावशींनी विचारलं.

"अर्थातच नसतो," चिटणीस म्हणाले. आपण काय कबूल केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी मावशी ठेवणीतले कपडे घालून, ऑपरेशनसाठी आलेल्या लेकीचा हात धरून, इमारतीच्या पुढच्या दारानं आत आल्या आणि मधल्या बाकावर बसल्या. मिस्सा झाली. लोक भाकरीसाठी रांगेत उभे राहिले तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. फादरांना पेचात टाकायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण मिस्सा संपून लोक गेले, तरी त्या उठल्या नाहीत.

दारात पाळकसाहेबांची मंडळी येऊन थांबली होती. समोर मेणबत्त्या जळत होत्या, पुतळा जागेवर होता. फादरांनी मावशींकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी फादरांकडे पाहिलं. लेक अर्धवट उठली, तिला मावशींनी हाताला धरून खाली बसवलं. अखेर फादरांनी बाह्या सारल्या, पाळकसाहेबांनी कोट काढला, आणि एकानं खांदे, दुसऱ्यानं पाय धरून पुतळा उचलला. दोन ठिकाणी तो खाली ठेवावा लागला. एकदा तो असा कलला की मावशींचा हात आपोआप पुढे झाला, पण त्यांनी तो मांडीवर दाबून धरला.

सगळं आवरून फादर मागच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. दिसेल त्या बाकावर त्यांनी अंग टाकलं, तो बाक मावशींचा. घाम पुसेस्तोवर बाक भरला, गाणं सुरू झालं, कडेला काठीवाले आजोबा येऊन बसले आणि फादर मधे अडकले. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला मावशी, त्यांच्यापलीकडे लेक. आजोबांना ओलांडून जायचं म्हणजे सगळ्या मंडळींनी पाहिलं असतं. ते बसून राहिले.

पाळकसाहेबांच्या मंडळीत भाकर घ्यायला कुणी पुढे जात नाही. ताट बाकावरून हातोहात फिरतं. ज्याच्याकडे ताट आलं त्यानं आपला तुकडा घ्यायचा आणि शेजाऱ्यासमोर ताट धरून म्हणायचं, "ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी." म्हणजे देणारा पाळक नसतोच, देणारा शेजारी. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या क्षणापर्यंत कुणी त्याचा विचार केला नव्हता.

आजोबांनी सवयीप्रमाणे ताट फादरांसमोर धरलं आणि ते शब्द म्हटले. फादरांनी ताट हातात घेतलं. तुकडा घेतला नाही. त्यांच्याकडे तशी मुभा नव्हती. समोर मेजापाशी पाळकसाहेबांचं वाचन थांबलं. मागच्या बाकावर चिटणीस उठू की नको अशा बेतात होते. ठरावात काय काय होतं ते त्यांना मुखोद्गत होतं, पण बाकावरून ताट पुढे करण्याबद्दल त्यात कुठेच काही नव्हतं.

फादर वळले. ताट मावशींसमोर धरलं.

"ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले, "तुमच्यासाठी, मावशी."

मावशींनी तुकडा उचलून तोंडात घातला. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. चव साध्या पावाचीच होती. मग त्यांचं लक्ष फादरांच्या रिकाम्या हाताकडे गेलं.

"तुम्ही नाही घेतलंत, फादर?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला चालत नाही, मावशी."

"मलाही चालत नव्हतं," मावशी म्हणाल्या, आणि ताट त्यांच्या हातातून घेऊन त्यांनी ते लेकीसमोर धरलं.