दुधाच्या गाडीचा उजेड

मॅरेथॉनच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी मी मोटारसायकलवर बसून घरी आलो.

माझा नाइलाज होता, असं मी पुढं बरेच दिवस सांगत असे. आमच्या पाटोद्याकडं रस्त्यानं चाललेल्या माणसाजवळ कुणी गाडी उभी केली तर 'नको' म्हणत नाहीत. चहाला नको म्हणण्यासारखंच ते, समोरच्याला लागतं. दिवाळी होऊन गेली होती. पहाटेचा अंधार होता. गावाबाहेरच्या बाभळींपर्यंत कसाबसा पळत जाऊन मी माघारी वळलो होतो आणि छातीचा भाता झाला होता. तेवढ्यात मागून गाडी आली आणि थांबली. कानाला मफलर गुंडाळलेल्या माणसानं विचारलं, "कोण शिरियस हाय का?"

त्याचंही चुकलं नाही. आमच्याकडं अंधारात पन्नाशीचा माणूस पळताना दिसला, तर एक तर घरात कुणी अत्यवस्थ असतं, नाहीतर म्हैस सुटलेली असते. तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. दमामुळं मला बोलता येईना. मी नुसता हात हलवला. त्यानं त्याचा त्याच्या परीनं अर्थ लावला आणि पुढं सरकून जागा केली. मी बसलो. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लटकत होत्या, म्हणून पाय फाकवून, पहिल्यांदाच घोड्यावर चढवलेल्या नवरदेवासारखा बसलो.

थोडं पुढं गेल्यावर गाडीवाला खोकला. तो खोकला मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. गाडी माझ्या थोरल्या भावाची होती, आणि आम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

नाक्यावरच्या हॉटेलाच्या दिव्याखाली मी उतरलो तेव्हा त्यानं मला ओळखलं. आधी तोंडाकडं बघितलं, मग बुटांकडं. बूट पोपटी रंगाचे होते. मी त्याच्या हँडलकडं बघत म्हणालो, "पळत होतो." त्यानं कॅना सारख्या केल्या आणि डेअरीकडं निघून गेला.

आमचं बिनसलं होतं ते जमिनीवरून, पण भांडण असं झालंच नव्हतं. मी शाळेत कारकून, राहायला पाटोद्यात. दादा गावाकडं, जवळच्याच वस्तीवर. वाटण्या नीट, हसतखेळत झाल्या. पुढं माझा तुकडा मी बटईनं परक्या माणसाला दिला. भावाला बटईनं दिलं तर अर्धा माल मागायचा कसा, या संकोचानं मी त्याला विचारलंच नाही. मला वाटलं, मी त्याला अवघडलेपणातून वाचवलं. त्याला वाटलं, मी त्याला परक्यापेक्षा परका केला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. नुसता बोलायचा थांबला. मग मीही थांबलो. सणावाराला बायका एकमेकींकडं जात, आम्ही दोघं आपापल्या दारात.

तर मॅरेथॉन. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, आणि मी पळायचं ठरवलं. माणसाला सांगितलेलं कमी पडतं तेव्हा तो असं काहीतरी अंगावर ओढून घेतो. पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटरला नाव घातलं. शाळेत सांगितलं तर आमचे एक गुरुजी म्हणाले, "अर्धीच? मग उरलेली कोण पळणार?" सगळ्यांना सांगून ठेवावं म्हणजे लाजेकाजेस्तव तरी सराव होतो, असं मी मोबाइलवर ऐकलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला की कंटाळा केलेल्या दिवशी मी मागच्या गल्लीनं शाळेत जाऊ लागलो. गजर हाताला लागू नये म्हणून मोबाइल फडताळावर ठेवला. तो बायकोच्या हाताला लागायचा आणि ती बंद करायची. बूट उशाशी ठेवले, म्हणजे उठल्याबरोबर दिसतील. दिसायचे. मी कूस बदलायचो.

पण त्या पहिल्या दिवसानंतर एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी दादा भेटू नये म्हणून दुसऱ्या रस्त्यानं जावं, असं रात्री ठरवून झोपलो आणि पहाटे त्याच रस्त्याला लागलो. बाभळींपासून वळलो, तशी मागून गाडी आली. या खेपेला ती थांबली नाही आणि पुढंही गेली नाही. वेग कमी करून माझ्या मागं मागं येत राहिली. माझ्यापुढं रस्त्यावर उजेड पडला. खड्डे दिसायला लागले. माझी लांबलचक सावली पुढं पळत होती, आणि खरं सांगतो, ती माझ्यापेक्षा बरी पळत होती. पाटोद्याचं पहिलं घर आलं तशी गाडी बाजूनं निघून गेली. 

मग हे रोजचंच झालं. मागं कॅनांचा खडखड आवाज, पुढं उजेड, मध्ये मी. कॅनांच्या ठेक्यावर माझे पाय पडायचे. ऊसतोडीला निघालेल्या लोकांचे ट्रॅक्टर समोरून यायचे, बोचकी-पोरं-कोंबड्यांसकट. एकदा ट्रॉलीतून एक बाई ओरडून म्हणाली, "मामा, मागं गाडी मोकळी असून कावून पळायलात?" दादा मागं हसला असावा. गाडीचा आवाज जरा चुकल्यासारखा झाला.

आता मला गजराची गरज पडेना. गाव झोपलेलं असताना आपोआप डोळे उघडायचे. शाळेत लोकांनी विचारलं की हे जमतं कसं, तर मी इच्छाशक्तीवर बोलायचो. चांगलं दहा मिनिटं बोलायचो. त्या भाषणात दादाच्या गाडीचा उल्लेख एकदाही आला नाही.

मध्ये मला ताप आला आणि पळणं बुडालं. बरा होऊन नाक्यावर गेलो तर हॉटेलवाला म्हणाला, "तुमचे भाऊ थांबले होते इथं. म्हणले, ते पळणारे दिसंनात." माझं नाव घेतलं नव्हतं, भाऊ म्हणाला नव्हता. पण थांबला होता, दुधाची वेळ मोडून. त्याच दिवशी उठून वस्तीवर जायला हवं होतं. मी चहा घेतला, हॉटेलवाल्याला बरं म्हणालो आणि शाळेत गेलो.

एकदा बरगडीखाली अशी कळ आली की मी गुडघ्यांवर हात टेकून रस्त्यातच वाकलो. मागं गाडी बंद झाली. बऱ्याच वेळानं आवाज आला, "नाकानं घे. तोंडानं न्हाई." मी नाकानं श्वास घेतला. कळ गेली. त्यानं किक मारली. एवढंच संभाषण. गावात पळणारा खरा तोच होता. शाळेत असताना खो-खोत त्याला कुणी शिवू शकत नसे. मला कुणी खो दिला तरी मी बसून राहायचो. त्या दिवशी उरलेल्या वाटेनं मी मनात बोलत होतो. दादा, असं झालं, तसं झालं, मी विचारायला पाहिजे होतं. तोंडानं श्वास घ्यायचा नव्हता, पण बोलायला काही कुणी मनाई केली नव्हती.

मग माझ्या डोक्यात एक बेत शिरला. आता बोलायचं नाही. मॅरेथॉन पळायची, मेडल आणायचं, सरळ दादाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, हे तुझं हाय. बेत इतका आवडला की पुढचा सगळा सराव मी त्याच्यावरच केला. पाय जड झाले की ते वाक्य मनात म्हणायचो. रोज त्यात भर पडायची. शेवटी शेवटी त्याचं चांगलं मोठं भाषण झालं होतं, आणि ते ऐकून दादाच्या डोळ्यांत पाणी येतं इथपर्यंत मी मजल मारली होती. दादाला त्यात बोलायला एकही वाक्य मी ठेवलं नव्हतं.

आमच्याकडं मोठ्या कामाला बाहेर पडायचं असलं की आदल्या दिवशी घरातल्या वडील माणसाच्या पाया पडायला जातात. परीक्षा असो, मुलाखत असो, पोरीचं स्थळ बघायला जायचं असो. थोरली वहिनी किंवा आई हातावर दही घालते. बोलाचाल बंद असली तरी या कामासाठी माणूस दारात गेला तर त्याला कुणी का आलास म्हणत नाही. मला हे माहीत होतं. पोरीचं स्थळ बघायला निघालो तेव्हा मी दादाला सोडून दुसऱ्याच वडील माणसाच्या पाया पडलो होतो. पण मनात आलं, आधीच पाया पडून गेलो आणि पळणं पुरं नाही झालं तर? मेडलाशिवाय परत कसं तोंड दाखवायचं? भाषण तर मेडलावर बेतलेलं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी पहाटे पळालो. पाटोद्याचं पहिलं घर आलं आणि रोज बाजूनं निघून जाणारी गाडी थांबली. दादा उतरला. कॅनेची दोरी सोडली आणि परत बांधली. ती आधीच घट्ट होती. मग दुसऱ्या बाजूची सोडली, बांधली. मी चार पावलांवर उभा, एक पाय मागं घेऊन घोट्याला धरलेला, पाय ताणायला मोबाइलवर दाखवतात तसा. मी पुण्याला निघालोय हे त्याला हॉटेलवाल्याकडून कळलं असणार. तो थांबला होता माझ्यासाठी, हे मला कळत होतं. वाकायला एवढीशी जागा लागते. मी पाय बदलला आणि दुसरा घोटा धरला.

आभाळाकडं बघत तो म्हणाला, "उद्या न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं."

त्यानं मफलर बांधला आणि गेला. त्या सकाळचं आठवलं की अजून मला माझा तो घोटा धरलेला हात दिसतो.

पुण्यात मॅरेथॉन झाली. रस्ता गुळगुळीत, दिव्यांचा लखलखाट, ढोल-ताशे, मागं-पुढं हजारो माणसं. मला पळता येईना. मागं काहीच वाजत नव्हतं. निम्म्याहून जास्त अंतर पळालो, उरलेलं चाललो, शेवटी फोटोवाले दिसले तिथं परत पळालो. मेडल मिळालं. शेवटी येणाऱ्यालाही तेच मिळतं, हे मी शाळेत सांगितलं नाही. शाळेनं शाल आणि नारळ दिला. मी इच्छाशक्तीवर बोललो.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे रस्त्याला लागलो. खरं तर विश्रांती घ्यायची असते. बाभळींपासून वळलो. गाडीचा आवाज आला, उजेड आला. मी सावलीकडं बघत वेग धरला. गाडीनं एक छोटा हॉर्न दिला, कुणालाही देतात तसा, आणि बाजूनं निघून गेली. मागचा लाल दिवा वळणापर्यंत दिसला. त्यानंतर मी त्या अंधारात चाललो की पळालो, आठवत नाही.

संध्याकाळी बायकोला घेऊन वस्तीवर गेलो. मेडल खिशात. दादा ओट्यावर होता. तो उठला, घरात गेला आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसली आणि माझ्यासाठी मांडली. त्या घरात मी आयुष्यात कधी खुर्चीवर बसलो नव्हतो. बाजेवर पसरायचो, उंबऱ्यावर बसायचो, चुलीजवळ पाटावर. वहिनीनं ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास आणला. मग पोहे आले, वर खोबरं घालून. पुण्याला थंडी हाय का, त्यानं विचारलं. गर्दी लई असंल. यष्टीला जागा भेटली का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग मेडल काढून त्याच्या हातात दिलं. भाषणातलं पहिलं वाक्य तोंडात होतं. त्यानं मेडल उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "जड हाय. चांगलं हाय." आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं परत दिलं. दिलेलं परत घ्यायचं नसतं, असं म्हणायला हवं होतं. मी ते खिशात ठेवलं. बायका आत बोलत होत्या. आम्ही तुरीच्या भावावर आलो, मग तुरीवरच्या अळीवर.

निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला. पाहुण्यांना सोडतात तसा. "येत जा," म्हणाला. सगळ्यांनाच म्हणतात ते.

पुढं थोड्याच दिवसांत दूध न्यायला डेअरीचा टेम्पो वस्तीवरच यायला लागला आणि दादाची पहाटेची फेरी बंद झाली. मी आठवडाभर गेलो, मग सोडलं. शाळेत सांगितलं, गुडघा दुखतो. थोडा दुखतोही.

त्या संध्याकाळी वस्तीवरून येताना बायको गाडीवर मागं बसली होती. मांडीवर वहिनीनं दिलेल्या शेंगांची पिशवी. मीच म्हणालो, "मेडल बघितलं त्यानं. चांगलं म्हणला."

"जाऊबाई सांगत होत्या," ती म्हणाली, "तुमी जायच्या आदल्या दिवशी त्येंनी डेअरीला दूध कमी घातलं. घरी दही लावायला सांगितलं. दिवस मावळंस्तोवर ओट्यावर बसले होते, तुमी येताल म्हणून." मग पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेत म्हणाली, "त्येंनी तुमाला रोज पळताना बघितलं हाय, त्येंना मेडल कशाला दाखवायचं? रिकाम्या हातानं पाया पडायला गेला असता, तर पुण्याला पळाला नसता तरी चाललं असतं."